टायरवरची नक्षी कशासाठी असते?

टायरच्या दुकानात नवा टायर समोर आला की गिऱ्हाईक हमखास त्याच्यावरून बोटे फिरवते. खाचा खोल आहेत, ठोकळे धारदार आहेत, नक्षी भरगच्च आहे, म्हणजे गाडी रस्ता घट्ट धरणार, असा हिशेब मनात होतो. हा समज इतका पक्का आहे की टायर विकणारेही त्याला सहसा धक्का लावत नाहीत. पण तो अर्धाच खरा आहे. खाचांमुळे पकड वाढते ती ओल्या, चिखलाच्या किंवा मऊ जमिनीवर. कोरड्या डांबरावर तीच खाच पकड कमी करते. हे एकदा लक्षात आले की कोणता टायर घ्यावा, नवे टायर कोणत्या चाकांना लावावेत आणि जुना कधी काढून टाकावा, हे प्रश्न अंदाजावर सोडावे लागत नाहीत. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी ही माहिती मोलाची आहे.

कोरड्या रस्त्यावर खाच म्हणजे तूट

शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम सांगतो की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. लाकूड, लोखंड यांना तो बऱ्यापैकी लागू पडतो, रबराला नाही. रबर मऊ असते. ते डांबरातल्या खडीच्या बारीक उंचसखल भागांत दबून बसते, त्यांना चिकटते आणि त्यांच्यावरून सरकताना आकार बदलत ऊर्जा खाते. जितके जास्त रबर रस्त्याला टेकेल, तितकी ही धरपकड जास्त. जिथे खाच आहे तिथे रबर नाही, आणि तिथे पकडही नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा फॉर्म्युला वनच्या शर्यतींत मिळतो. कोरड्या हवामानात त्या गाड्यांचे टायर पूर्ण गुळगुळीत असतात. १९९८मध्ये वळणांवरचा वेग कमी करण्यासाठी नियम करून या टायरांवर गोल फिरणाऱ्या खाचा सक्तीच्या केल्या. २००८च्या हंगामापर्यंत त्या राहिल्या आणि २००९मध्ये गुळगुळीत टायर परत आले. गाड्यांची पकड कमी करायची होती म्हणून खाचा पाडल्या, ही गोष्ट नक्षीबद्दलचा आपला समज मुळापासून तपासायला लावते.

रस्त्यावर आपली गाडी नेमकी किती रबरावर उभी असते, तेही पाहू. माणसांसह ११०० किलोची छोटी कार घेतली तर प्रत्येक चाकावर साधारण २७५ किलो भार येतो. हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास २.३ किलो. भागाकार केला तर एका टायरचा टेकणारा भाग येतो १२० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, तळहाताएवढा. त्यातही रस्त्यावरच्या टायरवर पाव ते एक तृतीयांश जागा खाचांनी घेतलेली असते. ब्रेक, वळण, वेग आणि सगळ्या कुटुंबाचा भार अशा चार तळव्यांवर तोललेला असतो.

मग खाचा कशाला? पाण्यासाठी

रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचले आहे आणि १८५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशी ८० किलोमीटरने त्यातून चालला आहे असे समजा. सेकंदाला तो २२ मीटर पुढे जातो. गुणाकार केला की दर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी एका टायरच्या वाटेत येते. टेकणारा भाग जेमतेम १२ सेंटिमीटर लांब धरला, तर रबराचा कोणताही ठोकळा रस्त्याला टेकून राहतो तो सेकंदाच्या दोनशेव्या हिश्श्याएवढाच वेळ. तेवढ्यात पाणी बाजूला सारून खाली कोरडा रस्ता गाठायचा असतो.

हे काम टप्प्याटप्प्याने होते. टायरच्या पुढच्या कडेला पाण्याची पाचर तयार होते. तिच्यातले बरेचसे पाणी पुढे आणि बाजूंना उडते. उरलेले चाकाभोवती गोल फिरणाऱ्या रुंद खाचांमध्ये शिरते. तिथून आडव्या, तिरक्या खाचांनी ते कडेला बाहेर पडते, किंवा ठोकळा रस्त्यावर असेपर्यंत खाचेतच थांबते. तरीही एक पातळ थर शिल्लक राहतो. तो फोडण्यासाठी ठोकळ्यांवर सुरीने कापल्यासारख्या बारीक चिरा दिलेल्या असतात. चिरांच्या कडा तो थर पुसतात आणि मागच्या भागात रबर खऱ्या अर्थाने रस्त्याला भिडते. जी पकड मिळते ती याच शेवटच्या भागातून.

वेग वाढला की हा कोरडा भाग आकसत जातो. पाण्याला निघून जायला वेळ पुरत नाही, पाचर टायरखाली घुसते आणि एका वेगाला टायर पूर्णपणे पाण्यावर उचलला जातो. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. स्टिअरिंग एकदम हलके होते, ब्रेक दाबून उपयोग होत नाही. विमाने ओल्या धावपट्टीवर घसरत होती म्हणून अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी याचा अभ्यास केला आणि १९६३मध्ये एक सुटसुटीत सूत्र मांडले: टायर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ताशी किलोमीटर आणि पीएसआयमध्ये मांडले तर वर्गमुळाला सुमारे १६.७ने गुणायचे.

३३ पीएसआयला हा वेग येतो ताशी ९६ किलोमीटर. हवा २४वर उतरलेली असेल तर ८२. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारला १०० किलोमीटरची मुभा आहे, समृद्धी महामार्गावर १२०ची. म्हणजे कायद्याने परवानगी असलेल्या वेगातच हा धोका बसलेला आहे. हे सूत्र पाणी खाचांपेक्षा खोल असेल किंवा टायर गुळगुळीत झालेला असेल तेव्हासाठी आहे. खाचांना पाणी पोटात घेता येत असेल तोवर टायर याहून जास्त वेगालाही तग धरतो. खोल खाच आपल्याला हीच सवड मिळवून देते, आणि टायर झिजतो तशी ती सवड संपत जाते.

ट्रकच्या टायरमध्ये हवा ११० पीएसआयच्या घरात असते. सूत्राने तो वेग १७५पर्यंत जातो, म्हणून भरलेला ट्रक सहसा तरंगत नाही. रिकाम्या ट्रकची गोष्ट वेगळी. भार नसल्याने त्याचा टेकणारा भाग आखूड आणि रुंद होतो, पाण्याला तो लवकर उचलता येतो. मुसळधार पावसात रिकामा ट्रक भरधाव हाकणे म्हणूनच फार धोक्याचे आहे.

ठोकळे वाकतात, म्हणून गाडी डुलते

खाच पाडली की शेजारी ठोकळा उभा राहतो. तो रबराचा, म्हणजे लवचीक. गाडी वळवली की ठोकळ्याचा माथा रस्त्याला धरून राहतो आणि बूड टायरबरोबर सरकते. ठोकळा उंच आणि अरुंद असेल तर तो जास्त वाकतो. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी वळायला लागण्यापूर्वी एक किंचित विलंब जाणवतो, तो बऱ्याच अंशी याच वाकण्याचा. नवा टायर घातल्यावर पहिले काही दिवस गाडी जराशी सैल वाटते आणि नंतर सुधारते, यामागेही ठोकळ्यांची पूर्ण उंची आहे. कारच्या नव्या टायरवर खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. निम्मी झिजली की ठोकळे बुटके आणि ताठ होतात, कोरड्या रस्त्यावर गाडी अधिक नेमकी वळते, इंधनही थोडे वाचते. टायर झिजल्यावर गाडी उलट छान चालते, असे सांगणारा चालक खोटे बोलत नसतो. तो फक्त कोरड्या रस्त्याबद्दल बोलत असतो.

नक्षी आखणाऱ्याची कसोटी इथे लागते. पाण्यासाठी जागा द्यायची, पण ठोकळे डळमळू द्यायचे नाहीत. म्हणून मधोमध सलग पट्टा ठेवतात. सरळ जाताना तो गाडीला दिशा देतो. कडेचे ठोकळे मोठे आणि जाड ठेवतात, कारण वळणावर सगळा भार बाहेरच्या कडेवर जातो. शेजारच्या ठोकळ्यांना खाचेच्या तळाशी रबराच्या छोट्या पुलांनी जोडतात, म्हणजे ते एकमेकांना आधार देतात. चिरा आतून नागमोडी ठेवतात. ब्रेक दाबल्यावर त्यांच्या भिंती एकमेकींत अडकतात आणि ठोकळा ताठ राहतो.

काही टायरांची आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असते. बाहेर वळणासाठी भक्कम ठोकळे, आत पाण्यासाठी जास्त खाचा. अशा टायरवर कोणती बाजू बाहेर यायला हवी ते लिहिलेले असते. बाणाच्या टोकासारखी नक्षी असलेले टायर एकाच दिशेने फिरायचे असतात, त्यांच्यावर बाण असतो. पंक्चर काढून टायर घाईत उलटा बसवला, तर पाणी बाहेर फेकायची रचनाच उलटी होते. टायर परत चढवताना बाण तपासायला अर्धे मिनिट लागते.

सध्या एसयूव्हींना चिखलासाठीचे, मोठमोठ्या ठोकळ्यांचे टायर लावायची हौस वाढली आहे. दिसायला ते रुबाबदार असतात. ज्याचे रोजचे जाणे-येणे शेतरस्त्याने किंवा जंगलवाटेने आहे त्याने ते जरूर लावावेत. पण ज्याची गाडी वर्षभर महामार्गावर पळते त्याने या हौसेपायी पकड गमावू नये. त्या टायरांत रस्त्याला टेकणारे रबर कमी, ठोकळे उंच. त्यामुळे ब्रेकचे अंतर वाढते, वळणावर गाडी ढिली पडते, आवाज वाढतो आणि टायर लवकर झिजतात.

आवाजाबद्दल एवढेच: सगळे ठोकळे एकाच मापाचे असतील तर ते ठरावीक लयीत रस्त्यावर आपटून एकच कर्कश सूर निघतो. म्हणून परिघावर वेगवेगळ्या लांबीचे ठोकळे मुद्दाम विस्कळीत क्रमाने बसवतात. टायर नीट निरखून पाहिला तर हा फरक दिसतो.

ट्रक आणि ट्रॅक्टर: पुढे रिब, मागे लग

नक्षी आणि काम यांचे नाते सर्वांत उघडपणे दिसते ते ट्रक आणि ट्रॅक्टरवर. ट्रकवाले पुढे रिब टायर लावतात, ज्यावर चाकाभोवती गोल फिरणारे सलग पट्टे असतात. पट्टा आडव्या दिशेने ताठ असतो, म्हणून स्टिअरिंग नेमके राहते, चाक सहज घरंगळते आणि झीज एकसारखी होते. मागे इंजिनाचा जोर रस्त्यावर उतरवायचा असतो, तिथे लग टायर: आडवे, जाड दांडे आणि मधे रुंद फटी. खाणीत, खडीच्या रस्त्यावर, उसाच्या फडात लगला पर्याय नाही. लांब पल्ल्याच्या गुळगुळीत महामार्गावर मात्र तो तापतो आणि इंधनही जास्त खातो. म्हणून दोन्हींच्या मधला, मधोमध पट्टे आणि कडेला दांडे असलेला सेमी-लग टायरही बरेच जण वापरतात.

ट्रॅक्टरवर हाच फरक टोकाला जातो. पुढच्या लहान चाकांवर दोन-तीन उंच पट्टे असतात. ते जमिनीत रुतून वळताना चाक आडवे घसरू देत नाहीत. मागच्या मोठ्या चाकांवर तिरके लग असतात. काळ्या मातीत चाक फिरते तसा लग मातीत घुसतो, मागे रेटतो आणि वर येताना चिकटलेला चिखल बाहेर ढकलत येतो. मागून पाहिले तर वरच्या बाजूला लगांची टोके पुढच्या दिशेकडे असावी लागतात, म्हणजे टोक आधी जमिनीत जाते आणि चिखल मधून कडेकडे सरकतो. टायर उलटा बसला तर चिखल मधे कोंडतो, फटी भरून जातात आणि चाक जागच्या जागी फिरत राहते. भातखाचरासाठी याहून खोल लगांचे टायर मिळतात किंवा लोखंडी केज व्हील लावतात.

शेतासाठी आखलेली हीच नक्षी डांबरी रस्त्यावर तोट्याची ठरते. कडक रस्त्यात लग घुसू शकत नाहीत, सगळा भार त्यांच्या माथ्यांवर येतो. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडे जातात, तेव्हा शेतात वर्षानुवर्षे टिकणारे टायर फार लवकर झिजतात. रस्त्याला टेकणारे रबर कमी असल्याने ब्रेकही हवा तसा लागत नाही. अशा ट्रॅक्टरच्या अगदी पुढ्यात गाडी का घालू नये याचे हे एक ठोस कारण आहे.

दोनच नवे टायर घेतले तर ते कुठे लावायचे?

चारही टायर एकदम बदलणे प्रत्येकाला परवडत नाही. दोन घेतले जातात आणि ते पुढे लावले जातात. कारण सयुक्तिक वाटते: इंजिन पुढे, ओढणारी चाके पुढची, ब्रेकचा बहुतेक भार पुढे. तरीही मोठ्या टायर कंपन्या एकमुखाने सांगतात की नवे टायर मागे लावा. मला हा सल्ला पूर्णपणे पटतो, आणि कारण समजून घेतले तर तो कोणालाही पटेल.

पाणी साचलेल्या वळणावर पुढची चाके तरंगली तर गाडी वळत नाही, सरळ जायला बघते. स्टिअरिंग हलके झालेले चालकाला जाणवते. तो घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो, वेग उतरतो, टायर पुन्हा रस्त्याला टेकतात आणि गाडी बहुधा सावरते. मागची चाके तरंगली तर मात्र पुढची चाके रस्ता धरून राहतात आणि गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते. स्टिअरिंगमधून याची काहीच सूचना मिळत नाही. चालक नेहमीच्या सवयीने अॅक्सिलरेटर सोडतो किंवा ब्रेक दाबतो, त्याने मागचा भार आणखी हलका होतो आणि गाडी स्वतःभोवती गरकन फिरते. अशा वेळी उलट दिशेने नेमके स्टिअरिंग मारून गाडी सावरणे सरावलेल्या हातांनाच जमते.

म्हणून मागची पकड पुढच्यापेक्षा कधीच कमी नसावी. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते की मागच्या चाकांनी ढकलली जाते, याने या नियमात फरक पडत नाही. पुढचे टायर लवकर झिजतात हे खरे, पण त्यावर उपाय म्हणजे दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर फिरवणे. तसे केले तर चारही जवळपास एकसारखे झिजतात आणि एकदम बदलता येतात. एका दिशेचे टायर असतील तर ते फक्त त्याच बाजूला पुढे-मागे करायचे.

झीज वाचता येते

चांगला टायरवाला गाडीखाली न वाकताही पुष्कळ काही सांगू शकतो, कारण झिजलेल्या नक्षीत गाडीच्या सगळ्या खोडी उमटलेल्या असतात. हे वाचन कोणालाही शिकता येते.

दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी ठेवली जाते. टायर मधे आत दबतो आणि भार कडांवर येतो. शिवाय साइडवॉल जास्त वाकून तापते, आणि उन्हाळ्यात लांबच्या प्रवासात टायर फुटायला ही उष्णता कारणीभूत होते. मध्य झिजला आणि कडा उंच, तर हवा जास्त. रेडियल टायरमध्ये आत पोलादी तारांचे पट्टे असल्याने हे दुसरे चिन्ह तितके ठळक दिसत नाही. हवेचा योग्य आकडा टायरवर शोधू नका, तिथे लिहिलेला असतो तो कमाल दाब. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तो थंड टायरचा असतो.

फक्त एकच कड गुळगुळीत झाली असेल तर चाक उभे नाही, कललेले आहे. आतली कड झिजली तर ते बाहेरून दिसतच नाही. बाहेरून टायर ठणठणीत आणि आतून तारा दिसायला लागलेल्या, असे सर्रास घडते. गाडी उभी करून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरची आतली कड पाहा. महिन्यातून एकदा हे करायला काहीच हरकत नाही.

चाके एकमेकांना समांतर नसतील तर टायर फार वेगाने झिजतो. एखादे चाक फक्त अर्धा अंश तिरके असले तरी दर किलोमीटरला ते जवळपास ९ मीटर आडवे ओढले जात असते. हजार किलोमीटरमागे ही आडवी फरफट नऊ किलोमीटरची होते. ‘गाडी टायर खाते’ असे आपण म्हणतो ते हेच. हात टायरवर आडवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागते आणि उलट दिशेने कडा बोचतात. मोठ्या खड्ड्यात चाक आपटल्यानंतर, किंवा सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढायला लागली की अलाइनमेंट करून घ्यावे, ते यासाठी.

हात चाकाच्या फिरण्याच्या दिशेने फिरवूनही पाहावा. प्रत्येक ठोकळ्याची एक कड खाली आणि दुसरी उंच, करवतीच्या दात्यांसारखी लागली तर ही झीज ठोकळे वाकून सुटण्याची आहे. प्रत्येक ठोकळा रस्ता सोडताना किंचित घसरतो आणि त्याची एकच कड झिजते. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत ती मागच्या चाकांवर जास्त आढळते, कारण त्यांना फक्त घरंगळायचे आणि ब्रेक सोसायचे काम असते. अशा टायरचा घुंई-घुंई असा आवाज येतो आणि ‘बेअरिंग गेलं’ असे निदान होऊन भलताच खर्च पडतो. टायर पुढे-मागे केल्यावर आवाजाची जागा बदलली, तर दोष टायरचा.

ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज दिसली तर शॉकअप कमजोर झालेत किंवा बॅलन्सिंग बिघडले आहे. चाक सलग टेकून न राहता उड्या मारते आहे. अशा गाडीची ओल्या रस्त्यावरची पकड नक्षी कितीही नवी असली तरी अर्धीमुर्धीच असते.

झिजेचा वेगही सारखा राहत नाही, हे फारसे सांगितले जात नाही. नव्या टायरचे उंच ठोकळे जास्त वाकतात, जास्त घसरतात, म्हणून पहिले काही मिलिमीटर लवकर जातात. ठोकळे बुटके झाले की झीज मंदावते. परिणामी टायर आयुष्यातला बराच मोठा काळ उथळ खाचांवर, म्हणजे पाण्यात दुबळ्या अवस्थेत काढतो. चालकाला मात्र ‘अजून झिजतच नाहीये, चांगला टायर आहे’ असे वाटत राहते.

दुचाकीचे वेगळे गणित

दुचाकी वळताना कलते, म्हणून तिचा टायर आडवा पाहिला तर गोलाकार असतो. कलल्यावर रबराचा दुसरा भाग रस्त्यावर येतो. रोज ऑफिसला सरळ रस्त्याने जाणाऱ्या माणसाचा मागचा टायर मधोमध झिजून चपटा होतो. मग वळण घेताना गाडी सपाट भागावरून कडेच्या उतारावर एकदम घसरगुंडी झाल्यासारखी कलते. गाडी नीट वळत नाही, अडखळते, अशी तक्रार असेल तर आधी मागच्या टायरचा आकार पाहावा.

पुढच्या टायरवर चाकाभोवती जाणाऱ्या खाचा जास्त असतात, कारण त्याचे काम दिशा देण्याचे आणि ब्रेकचे. मागच्यावर ठोकळे असतात, ते जोर लावण्यासाठी. टायर अरुंद आणि गोल असल्याने पाणी बाजूला सारणे दुचाकीला तुलनेने सोपे जाते. तिला खाली पाडतो तो पातळ थर: पहिल्या पावसात वर आलेले तेल आणि धूळ, रस्त्यावरचे रंगीत पट्टे, मॅनहोलची झाकणे. तिथे खोल खाचेपेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा ठरतो. म्हणून सहा-सात वर्षांचा, कडक पडलेला टायर नक्षी शाबूत असली तरी भरवशाचा नसतो. टायरवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन बनवल्याचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा.

पुन्हा चढवलेली नक्षी

ट्रक-बसचा टायर झिजला तरी त्याचा सांगाडा पुष्कळदा धडधाकट असतो. त्यावर नवे रबर चढवून नवी नक्षी देणे म्हणजे रिट्रेडिंग. एसटी महामंडळाचे स्वतःचे रिट्रेडिंग प्रकल्प आहेत, खासगी मालवाहतूकही मोठ्या प्रमाणात यावर चालते. सांगाडा तपासून, नीट केलेले रिट्रेडिंग भरवशाचे असते आणि त्याने रबराची, पैशाची बचत होते. पुढच्या चाकांना मात्र नवा टायर आणि मागे रिट्रेड, ही अनेक वाहतूकदारांची पद्धत शहाणपणाची आहे.

याच्याशी गल्लत करू नये अशी दुसरी गोष्ट म्हणजे गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने नव्या खाचा कोरणे. ट्रकच्या काही टायरांत खाचेखाली मुद्दाम जादा रबर ठेवलेले असते आणि तसे त्यांच्यावर नोंदलेले असते; त्यांचे असे कोरकाम मापात करता येते. कार आणि दुचाकीच्या टायरमध्ये असे रबर नसते. तिथे पाते थेट आतल्या पट्ट्यांजवळ पोहोचते, पाणी आणि हवा लागून तारा गंजतात आणि टायर केव्हाही फाटतो. वापरलेले टायर घेताना खाचेचा तळ पाहावा. तो खडबडीत असेल, खोली जागोजागी वेगळी असेल आणि झिजेची खूण कापली गेलेली असेल, तर तो टायर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

किती झिजल्यावर बदलायचा?

सुरुवातीचे हवेचे टायर गुळगुळीत होते. अमेरिकेत फायरस्टोनने १९०८मध्ये टायरवर ‘नॉन स्किड’ ही अक्षरेच तिरकी, उठावदार कोरून त्यांची नक्षी केली, ती जुन्या नक्षीदार टायरांपैकी एक. तोच शब्द आजही आपल्या कायद्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९४वा नियम ‘नॉन-स्किड डेप्थ’ किती असावी ते सांगतो: दुचाकी आणि तीनचाकीला किमान ०.८ मिलिमीटर, बाकीच्या मोटार वाहनांना १.६ मिलिमीटर. ही मर्यादा ओळखण्यासाठी खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. ते कुठे आहेत हे दाखवणारा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे टायरच्या खांद्यावर सापडतात. ठोकळे झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आले की टायर कायद्याने संपला.

पाण्याच्या दृष्टीने तो त्याआधीच थकलेला असतो. ३ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर ओल्या रस्त्यावरचे ब्रेकचे अंतर झपाट्याने वाढू लागते, कारण खाचांची पाणी साठवण्याची जागाच उरत नाही. युरोपने हे ओळखून जुलै २०२४ पासून कारच्या टायरांच्या नव्या मॉडेलांची ओल्या रस्त्यावरची पकड झिजलेल्या अवस्थेतही तपासायला सुरुवात केली. आपल्याकडे २०२२मध्ये एआयएस-१४२ या मानकानुसार ओली पकड, घरंगळण्याचा विरोध आणि आवाज यांची किमान पातळी टायरांना सक्तीची झाली, ही मोठी सुधारणा आहे. पण ती नव्या टायरची चाचणी आहे. झिजलेल्या टायरची जबाबदारी अजून गाडीच्या मालकावरच आहे.

म्हणून कोकणात, सह्याद्रीच्या घाटात किंवा महामार्गावर पावसाळ्यात नियमित गाडी चालवणाऱ्याने १.६ची वाट पाहू नये. खोली मोजण्याचे साधे मापक फार महाग नसते. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक टायर आत, मधे आणि बाहेर अशा तीन जागी मोजावा, स्टेपनीसकट. कुठेही ३ मिलिमीटरपेक्षा कमी आकडा आला तर तो टायर जूनपूर्वी बदलावा. दोनच घ्यायचे असतील तर ते मागे लावून घ्यावेत, दुकानदाराने पुढे लावायचा आग्रह धरला तरी.